मेंढ्याच्या रक्ताचा दाखला

मेंढा कसा पारखावा हे सोलापूरकडच्या मंद्रूपच्या धनगराला कुणी शिकवायला जाऊ नये. छाती, पाय, चाल आणि त्याच्या आईचं दूध तो एका नजरेत जोखतो. त्या नजरेला दिसत नाही ते एवढंच, की या मेंढ्याच्या लेकींना एका वेताला एक कोकरू होईल की दोन. नर काही व्यात नाही. लेकी वाढून व्यायल्या की मगच कळायचं, आणि तोवर मेंढा निम्मा म्हातारा झालेला असायचा.

आज ते रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर कळतं. त्यामागे ज्या संशोधनाला लोक हसतात, तेच आहे : उंदराच्या, माणसाच्या कुठल्या गुणसूत्रावर कुठलं जनुक बसलंय याचे नकाशे. बीजकोषात काम करणारं बीएमपीआर-वन-बी हे जनुक उंदरात तिसऱ्या गुणसूत्रावर, माणसात चौथ्या आणि मेंढीत सहाव्या गुणसूत्रावर सापडतं. पत्ता बदलला तरी शेजारी बरेचसे तेच राहतात. म्हणून १९९३ साली न्यूझीलंडच्या संशोधकांना माणसाच्या नकाशावरून मेंढीतली जागा हेरता आली. २००१ मध्ये तीन गटांनी जुळ्यांमागचा नेमका बदल दाखवला. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या ५०२ दुव्यांपैकी २४९वा दुवा बदललेला. हेच जनुक उंदरात पार बंद केलं तर मादी वांझ होते. मेंढीत त्याच्या कामात या बदलाने थोडा फरक पडला, तर बीजं लवकर पिकतात आणि एका माजाला एकाऐवजी दोन-तीन सुटतात.

हा बदल ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनोत गाजला. पण तो तिथे कलकत्त्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून पोहोचला असं मानतात. सुंदरबनची इवलीशी गरोल मेंढी तो आजही बाळगून आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोल आणून तो बदल आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने चाचणीची बाजू सांभाळली, आणि ‘नारी सुवर्ण’ तयार झाली. फलटण मंद्रूपहून काही फार लांब नाही.

तरीही सरसकट जुळी हवीत, असं आम्ही म्हणणार नाही. सोलापूरच्या दुष्काळी माळावर मेंढीला एकाच पिलापुरता पान्हा फुटला, तर दुसरं कोकरू म्हणजे नुसती मरतूक. बदलाच्या दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळीही होतात, आणि ती जगवायला धनगरिणीचीच रात्र जाते. एक प्रत बहुधा पुरे. ज्याच्याकडे थोडा कडबा, थोडी पेंड आहे त्याने तशी मेंढी घ्यावी. बारमाही भटकणाऱ्याने नाही घेतली तरी त्याचं काही चुकत नाही.

पण निवड करायची तर माहिती हातात हवी. राज्याच्या महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि १ नर असा गट देतात. पुढे कळपात जन्मणाऱ्या प्रत्येक कोकराचा बाप तो एक नर. त्याच्या कानात बिल्ला असतोच; सोबत जनुक चाचणीचा निकालही मराठीत, एका ओळीत लिहून द्यावा : एकही प्रत नाही, एक आहे, की दोन. आणि तो मेंढा ताब्यात घेण्याआधी दाखवावा, नंतर नव्हे.