विरजण आणि आतडे

चमचाभर दह्याने पातेलेभर दूध लागते. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमागचा हिशेबही तसाच मांडला जातो: ‘चांगले’ जंतू पोटात गेले की प्रतिकारशक्ती वाढते, कर्करोगही टळतो. हा पूर्वपक्ष जुना आहे. १९०८ चे नोबेल मिळवणाऱ्या मेचनिकॉफ यांनीही बल्गेरियातल्या आंबट दुधात दीर्घायुष्य पाहिले होते.

पण विरजण लागते ते तापवलेल्या दुधात. तिथले मूळचे बहुतेक जंतू आधीच मेलेले असतात. मोठ्या आतड्यात मात्र अब्जावधींची वस्ती जागा अडवून बसलेली असते.

अँटिबायोटिकने ती वस्ती उठवली तर? इस्राएलच्या वाइझमान संस्थेने २०१८ मध्ये २१ जणांवर हेच तपासले. पाहुणे जंतू मुक्कामाला राहिले खरे, पण मूळची वस्ती परतायला कित्येक महिने लागले. अँटिबायोटिकनंतर काहीच न घेतलेल्यांची घडी त्याआधीच बसली होती. प्रयोग लहान, पण जाहिरातीला अडचणीचा.

मग सगळेच थोतांड? तसेही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिट्सबर्गचे २० आफ्रिकी-अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले २० जण यांच्या ताटांची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांच्या पोटात रोज १४ ऐवजी ५५ ग्रॅम चोथा जाऊ लागला. आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आला. अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट अडीचपट झाले, आफ्रिकनांच्या निम्म्यावर आले. बाहेरचा जंतू कोणालाच दिलेला नव्हता!

ब्युटिरेट म्हणजे जंतूंनी चोथा आंबवून केलेले आम्ल. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य इंधन. शिवाय प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशींना ते बळ देते, त्यामुळे दाह शमतो. दीर्घकाळचा दाह कर्करोगाला पोषक असतो, म्हणून हे महत्त्वाचे.

तरीही प्रीबायोटिकच्या, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या, पुडीने हुरळून जायचे कारण नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या नऊशेवर लोकांपैकी सुमारे निम्म्यांना ब्रिटिश संशोधकांनी रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला. इतर काही कर्करोग घटलेले दिसले. मोठ्या आतड्याचा घटला नाही.

तेव्हा पैसे ज्वारी, मटकी, कांदा-लसणावर खर्च करावेत. ताक आवडते म्हणून प्यावे. शौचावाटे रक्त पडत असेल तर मात्र मूळव्याध समजून घरगुती उपाय करत न बसता आधी डॉक्टरांना दाखवावे.