ओळखीची झाडे, अनोळखी गुण : अडुळसा

जयपूरला गेलेला प्रवासी आमेरचा किल्ला पाहिल्यावाचून परतत नाही. १७२७ मध्ये जयपूर वसण्यापूर्वी कछवाहा राजांची राजधानी येथेच होती. वाचकहो, आपण तेथे गेलात, तर महालांबरोबरच भोवतालच्या अरवलीच्या खडकाळ उतारांकडेही दृष्टी टाका. शेळ्यांनी चरून उजाड केलेल्या जागीही एक झुडूप हिरवेगार उभे दिसेल. राजस्थानात त्याला ‘अडूसा’ म्हणतात. आपला अडुळसा तो हाच.

शेळी त्याला तोंड का लावीत नाही? पान चावून पाहा, म्हणजे कडूपणाच उत्तर देईल. तमिळमधील त्याच्या नावाचा अर्थच ‘शेळी शिवत नाही ते’ असा आहे. लिनीयसने १७५३ मध्ये ‘जस्टिसिया अधाटोडा’ हे शास्त्रीय नाव दिले, त्यातही तो शब्द टिकून राहिला.

अबोली आणि कोरांटी ही याचीच भावंडे. पाने समोरासमोर, लांबट व टोकदार असतात. हिवाळ्याच्या अखेरीस हिरव्या छदांच्या कणसातून पांढरी फुले डोकावतात. फुलाला दोन ओठ असतात. वरच्या ओठाच्या छत्राखाली दोनच पुंकेसर असतात. खालच्या ओठावरील जांभळट रेषा मधमाशीला मधाची वाट दाखवितात. फळ वाळले की तडकते आणि आतील आकड्यांच्या जोराने बिया दूर उडतात.

ज्या कडूपणाने झुडूप स्वतःचे रक्षण करते, त्यातच त्याचा औषधी गुण आहे. पानांतील ‘व्हॅसिसीन’ या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ‘ब्रोमहेक्झीन’ हे औषध निघाले. घरोघरी खोकल्यावर अडुळशाचा काढा दिला जातो, तो काही उगाच नव्हे.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडविते. म्हणून गर्भवतीने अडुळसा घेऊ नये. तान्ह्या मुलांनाही वैद्याच्या सल्ल्यावाचून तो देऊ नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर काढ्यावर विसंबून दिवस घालवू नका. तो क्षयाचा असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते आणि वेळीच औषधे सुरू करून ती पुरी घेतली, तर क्षय बरा होतो.

अडुळसा अंगणात अवश्य लावा. फांदी खोचली तरी तो जगतो. मात्र त्याच्या गुणांबरोबर त्याची मर्यादाही घरातील सर्वांना ठाऊक असू द्या.