वहीची मागची पानं



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी चालू असेल. बाया कमरेत वाकून चिखलात परे रोवत असतील. त्याच दिवसांत वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर सकाळच्या गाडीसाठी मुली उभ्या असतील. कन्हान, कामठी करत ही गाडी त्यांना नागपूरच्या कॉलेजात नेते. त्यांच्यातल्या काही जणी पत्रकारिता शिकतात. या वेळी त्यांच्या वहीबद्दल बोलायचं आहे.

वहीच्या पुढच्या पानांवर अभ्यास असतो. बातमीचा मथळा कसा द्यावा, माध्यमांचे कायदे, मुलाखतीचं तंत्र, प्रायोगिक अंकाचं वेळापत्रक, लघुप्रबंधाची रूपरेषा. वही उलटी केली की मागच्या पानांवर दुसरंच काही सापडतं. अर्धी कविता, आजीच्या तोंडून ऐकलेली एखादी हकिगत, गाडीत शेजारी बसलेल्या बाईचं एक वाक्य. पुढच्या पानांना मार्क मिळतात. मागची पानं कुणी मागत नाही, म्हणून ती लपवली जातात. सत्र संपता संपता ती कोरी राहू लागतात. दोन्ही कसं सांभाळायचं, असा या मुलींचा प्रश्न आहे. वरवर तो वेळेचा वाटतो. पण वेळ कुणाचा आणि तो कोण वाटून देतं, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळणार नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. घरातल्या बिनमोलाच्या कामात हात लावणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. हा जवळजवळ सव्वातीन तासांचा फरक मुलीच्या दिवसातूनही कापला जातो. सकाळचं पाणी, डबे, गाडी, वर्ग, परतीची गाडी, रात्रीची भाकरी आणि भांडी. उरलेल्या तासात कॉलेजचं काम. भाऊ पुस्तक घेऊन बसला की घर म्हणतं, त्याचा अभ्यास चाललाय, आवाज करू नका. बहीण वही घेऊन बसली की विचारलं जातं, लिहीत काय बसलीस? कॉलेजचं आहे असं सांगून ती अभ्यास तरी वाचवते. कवितेसाठी तिच्याकडे सांगायला कारणच नसतं. मग "माझ्यात शिस्त नाही" असं ती स्वतःलाच बोल लावते. शिस्तीचा प्रश्न नंतरचा आहे. आधी त्या सव्वातीन तासांचा हिशोब व्हायला हवा.

दुसरा अडसर वर्गात असतो. बातमीच्या कागदावर लाल शाईत शेरा येतो, "हे ललित झालं." शेरा चुकीचा नसतो. बातमीत नाव, वय, गाव बिनचूक हवं, कोण म्हणालं ते हवं, पडताळून पाहिलेलं हवं. एखादी बाई जे बोललीच नाही ते वाक्य शोभेसाठी तिच्या तोंडी घालणं म्हणजे तिचं बोलणं हिरावून घेणं आहे. बायांच्या नावानं इतरांनी बोलण्याची सवय या समाजाला फार जुनी आहे, त्यात आपल्या लेखणीनं भर घालू नये. एवढी शिस्त पत्रकारितेच्या अभ्यासक्रमानं दिली तरी ती शिदोरी मोठी आहे. पण त्या शेऱ्यातून मुलगी भलतंच शिकते. जे बातमीत बसत नाही ते लिहिण्याजोगंच नाही, असं तिला वाटू लागतं. इथे तिला अडवायला हवं.

आपल्या आधीच्या बायांनी हे दोन कप्पे इतके वेगळे मानले नव्हते. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ते लेखन शाळेतल्या मुलीचं होतं, वृत्तपत्रातलं होतं, आणि आज आपण ते साहित्य म्हणूनही वाचतो. शांता शेळके आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये संपादनाचं काम करत होत्या. पुढे त्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवायला आल्या. नोकरीसाठी त्यांनी कविता सोडली नाही, कवितेसाठी नोकरीही सोडली नाही.

पण दोन्ही सांभाळण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. ते कागद जवळजवळ वीस वर्षं उजेडात आले नाहीत. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. त्यांच्या चिकाटीचं कौतुक आपण नेहमी करतो. पण एका बाईला आपलं लिखाण वीस वर्षं लपवावं लागतं, ही कौतुकाची गोष्ट नव्हे. वरठीच्या मुलीवर ती पाळी येऊ नये.

कुणी म्हणेल, जगण्याचे एवढे प्रश्न असताना कवितेची काय चैन? भंडाऱ्यानं याचं उत्तर फार जड किंमत मोजून पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुलं जमावानं मारून टाकली. सुरुवातीच्या काही बातम्यांनी त्या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग दिला. जमिनीसाठी झगडणारी, मारहाणीच्या प्रकरणात साक्ष द्यायला न घाबरणारी, मुलांना शिकवणारी दलित बाई त्या मजकुरात कुठेच नव्हती. कार्यकर्ते सत्यशोधनाला गेले, लोक रस्त्यावर उतरले, आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी नीट दखल घेईपर्यंत जवळपास महिना उलटला. त्या बातम्यांमध्ये कधी, कुठे, किती हे सगळं होतं. सुरेखाबाई कोण होत्या, हे विचारायची दृष्टी नव्हती. ही दृष्टी मथळ्याच्या तंत्रातून येत नाही. माणसाकडे निरखून पाहण्याच्या सवयीतून ती येते, आणि ती सवय मागच्या पानांवर लागते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं दगावली. बातमीत आकडा आला, पुढाऱ्यांच्या भेटी आल्या, चौकशी आली, मदतीची रक्कम आली. हे सगळं यायलाच हवं होतं, जाब विचारायला ते लागतं. पण रिकाम्या हातानं गावी परतलेल्या आईच्या छातीत दूध दाटत असेल, ती गोष्ट चौकशीच्या कोणत्या रकान्यात बसणार? ती सांगायला कथा लागते, कविता लागते. आणि ती लिहिणारीला बातमीची शिस्त ठाऊक असेल, तर ती त्या आईचं दुःख रंगवून विकणार नाही.

भाषेचंही असंच आहे. परीक्षेचा पेपर प्रमाण मराठीत लिहावा लागतो. घरात आणि बांधीत झाडीबोली असते. रोवणीची गाणी, भुलाबाईची गाणी, बिड्या वळताना सांगितलेल्या हकिगती हे बायांनी रचलेलं, पण बायांच्या नावावर कधीच न चढलेलं साहित्य आहे. ते कानात घेऊन कॉलेजात गेलेली मुलगी तीन वर्षांत ते विसरून परत आली, तर तिच्या पदवीनं आपलं काही हिरावून नेलं असंच म्हणावं लागेल.

मग करायचं काय? मुलींना आमचं सांगणं असं की दोन कामांसाठी दोन वेगळे दिवस मिळण्याची वाट पाहू नका. वार्तांकनाला जाल तेव्हा बातमीत न मावलेलं त्याच दिवशी चार ओळींत मागच्या पानावर टिपून ठेवा. गाडीतली वीस मिनिटंही चालतील. जे पाहिलं आणि जे सुचलं, त्यांच्यामध्ये रेघ मारा, म्हणजे पुढे गल्लत होणार नाही. परीक्षेच्या महिन्यात फक्त टिपा ठेवा, सुट्टीत त्यांची कथा करा. आणि लघुप्रबंधाचा विषय निवडताना आपल्या गावातल्या बिडी कामगार बायांकडे, कोसा विणणाऱ्या घरांकडे पाहा. एकाच मेहनतीत मार्कही मिळतील आणि लिहिण्याची सामग्रीही.

संघटनांनाही काही सांगायचं आहे. गटात एक लिहिती मुलगी आली की बैठकीचं इतिवृत्त, तहसीलदारांना द्यायचं निवेदन, मोर्च्याचं पत्रक, सगळं तिच्या गळ्यात पडतं. "तुला येतं ना, मग लिहून टाक." घरात भाकरी तिच्याकडे, गटात कागद तिच्याकडे. ही कामं आळीपाळीनं व्हावीत. अक्षर वाकडं असलेल्या बाईनंही इतिवृत्त लिहावं, त्यातून तीही शिकेल. दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास वाचनाला राखून ठेवा. एकीनं आपलं लिहिलेलं वाचावं, इतरांनी ऐकावं. रोवणीला जाणाऱ्या बाईला ते समजलं का, हे तिलाच विचारावं. लिहिणारीला याहून चांगली परीक्षक मिळणार नाही. आणि मुलीच्या घरी जाऊन आईबापांशी बोला. रात्री जेवणानंतरची भांडी आठवड्यातून तीन दिवस भावानं घासली, तर काय बिघडेल, हे हसतखेळत पण ठामपणे विचारा. कॉलेजांकडेही मागणी करता येईल की प्रायोगिक अंकात विद्यार्थिनींच्या कथा-कवितांना एक पान द्या आणि त्याचे गुण धरा.

या त्रैमासिकाची काही पानं पुढच्या अंकापासून शिकणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवत आहोत. प्रमाण भाषेतच लिहा अशी अट नाही, झाडीबोलीत आलं तर तसंच छापू. नाव द्यायची भीती वाटत असेल तर टोपणनावानं पाठवा. मजकूर अर्धा असला तरी पाठवा, उरलेल्या अर्ध्यावर आपण मिळून बोलू.