ज्ञानावर दरडोई पट्टी

व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणात केस स्टडी हे पूरक वाचन नव्हे. तेच पाठ्यपुस्तक होय. एखाद्या उद्योगापुढील पेच, त्याचे आकडे आणि निर्णयाची घडी यांची ती हकिकत वाचल्यावाचून विद्यार्थ्याला वर्गात तोंड उघडता येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1920 च्या दशकात रुजवलेली ही पद्धत 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने आपल्याकडे रूढ केली. पद्धतीमागोमाग तिचा बाजारही आला.

हार्वर्डचे प्रकाशनगृह केस स्टडी विद्यापीठीय ग्रंथालयांना सर्व वाचकांसाठी खुल्या करून देत नाही. त्या अभ्यासक्रमागणिक, विद्यार्थ्यांची डोकी मोजून विकल्या जातात. प्राध्यापकाला पाहण्यासाठी प्रत फुकट. विद्यार्थ्याने मात्र दाम मोजावे! ग्रंथ वापरासाठी असतो, हे तत्त्व रंगनाथनांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या अग्रभागी ठेवले. एक प्रत अनेकांच्या हाती जाणे हाच ग्रंथालयाचा समाजवाद. दरडोई विक्रीने नेमका त्याचाच गळा घोटला जातो. संपन्न संस्थेचा विद्यार्थी ही पट्टी शुल्कातच भरतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील शेतमजुराच्या मुलाने काय करावे?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेसाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले. परंतु ती योजना संशोधन-नियतकालिकांची आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या केस स्टडींचा प्रश्न तिने सुटत नाही.

केस लिहिण्यास खर्च येतो, असा युक्तिवाद होतो. तो खोटा नाही. पण आपल्या सरकारी व्यवस्थापन संस्था कोणाच्या पैशावर उभ्या राहिल्या? आज त्या शुल्कावर चालतात असे मानले, तरी त्यांचा पाया जनतेच्या करातून घातला गेला. तेथील केस स्टडीसाठी जनतेने पुन्हा दाम का मोजावे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सार्वजनिक संस्थांत लिहिलेली प्रत्येक केस स्टडी देशातील सर्व विद्यापीठीय ग्रंथालयांत विनामूल्य खुली झाली पाहिजे. आणि तेवढ्यावर थांबून भागणार नाही. या हकिकतींत बहुधा व्यवस्थापक नायक असतो आणि कामगार ही 'समस्या' असते. संप, टाळेबंदी, सहकारी कारखान्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास यांची प्रकरणे कामगारांच्या बाजूने कोणी लिहायची? कामगार संघटनांनी आणि पुरोगामी अध्यापकांनी ती लिहून ग्रंथालयांच्या स्वाधीन करावीत. कपाटाची किल्ली मागताना कपाटात काय ठेवायचे, हेही आपणच ठरवले पाहिजे.