निर्व्यसनी घरातील घशाचा आजार

ज्या घरात तंबाखूला थारा नाही, मद्याचा स्पर्श नाही, त्या घराला घशाच्या कर्करोगाचे भय नाही, असे सर्रास मानले जाते. बहुतांशी ते खरेही आहे. मात्र या आजाराचा एक विरळा प्रकार निर्व्यसनी, मध्यमवयीन स्त्रियांतही आढळतो. त्याचे मूळ अनेकदा जुन्या रक्तक्षयात असते.

स्वरयंत्राच्या तळाशी अंगठीच्या आकाराची एक कूर्चा असते. तिच्या मागे, घसा जेथे अन्ननलिकेला मिळतो, तेथे हा कर्करोग उद्भवतो. शरीरातील लोह दीर्घकाळ कमी राहिल्यास तेथील नाजूक अस्तर झिजते व काही स्त्रियांत अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो. अमेरिकेतील प्लमर व व्हिन्सन या डॉक्टरांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते. स्टॉकहोमच्या डॉ. आल्बोम यांनी १९३६ मध्ये तिचा कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पुढे स्वीडनमध्ये आहार सुधारला, पिठात लोह मिसळले जाऊ लागले आणि ही अवस्था तेथे दुर्मीळ झाली.

प्रारंभी वेदना नसते. कोरडी भाकरी अडकते, मग ती दुधात कुस्करली जाते, पुढे नुसती पेज उरते. सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या ताटातील हा बदल घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. सोबत थकवा, फिकटपणा, गुळगुळीत जीभ, ओठांचे चिरलेले कोपरे, चमच्यासारखी खोलगट नखे ही चिन्हे असतात. एका कानात ठणका, घोगरा आवाज, मानेत गाठ ही लक्षणे बहुधा उशिरा येतात. तेव्हा स्वरयंत्रही गमावण्याची वेळ येऊ शकते.

वेळीच लोह भरून काढले, तर अनेकींचा त्रास कमी होतो. पडदा दुर्बिणीच्या साहाय्याने रुंदावता येतो. नंतरही तपासणी मात्र चालू ठेवावी लागते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांपैकी फारच थोड्यांना हा कर्करोग होतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, परंतु दुर्लक्षही परवडणारे नाही. कडधान्ये, बाजरी, अळीव यांच्या जोडीला लिंबू वा आवळा असावा. जेवणानंतर लगेच चहा टाळावा. घास अडकणे दोन-तीन आठवडे टिकले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पेढीचा हिशेब दरवर्षी न चुकता तपासला जातो. घरातील स्त्रीचे हिमोग्लोबिनही तसेच तपासले जावे.