इतिहासाचा घास लहान हवा

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या आया हल्ली आपल्यासारख्या लहान गावांतही भेटतात. कुणाच्या मुलाची तब्येत नाजूक असते, कुणाच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली असते, तर कुणाला घोकंपट्टीच मान्य नसते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते, आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. त्यामुळे ही वाट आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. भाषा आणि गणित या आया हौसेनं घेतात. गाडी अडते ती इतिहासाशी. बचत गटाची बैठक संपली की एखादी मागे थांबते आणि विचारते, "ताई, एवढं मोठं पुस्तक संपवायचं कसं?"

मैत्रिणींनो, मला वाटतं खरी अडचण या ‘संपवायचं’ शब्दातच आहे.

शाळेत बाईंपुढे चाळीस-पन्नास मुलं असतात, तास घंटेनं बांधलेला असतो आणि सहामाहीच्या आत पोर्शन पूर्ण करायचा असतो. त्यांची घाई आपण समजू शकतो. पण घरात ना घंटा, ना पोर्शन. तरीही आपण ती घाई घरात आणतो. एका दुपारी दोन धडे वाचून घेतो, लगेच खालचे प्रश्न सोडवून घेतो आणि आठवड्यानं सनावळी विचारतो. मुलाच्या डोक्यात सगळ्या लढायांची खिचडी झालेली असते. मग आपणच शिक्का मारून मोकळ्या होतो, "याला मुळी इतिहास आवडतच नाही!" आवडेल कसा? पोळी कितीही चांगली असली तरी अख्खी तोंडात कोंबली तर घशाखाली उतरत नाही.

मग घास केवढा करावा? सात ते दहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यात एक जागा, एक-दोन माणसं आणि एक प्रश्न एवढंच घ्यावं. अशा बैठका आठवड्यातून तीन किंवा चार.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची पन्हाळ्याची गोष्ट घ्या. आपण ती एका दमात सांगतो. तिचे चार भाग करून बघा. पहिल्या दिवशी फक्त वेढा. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला चार महिने वेढा घातला होता. गडावर अडकलेली माणसं काय खात असतील, पावसात काय करत असतील, एवढंच बोलायचं. दुसऱ्या दिवशी जुलैमधली ती पावसाळी रात्र आणि महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद. तिसऱ्या दिवशी खिंड आणि बाजीप्रभू. त्या दिवशी नकाशा उघडून पन्हाळा आणि विशाळगड बोटानं जोडायला सांगा.

चौथा दिवस बहुतेक घरांत राहूनच जातो. त्या दिवशी मुलाला विचारा, "मग पन्हाळ्याचं काय झालं?" तो किल्ला त्याच वर्षी आदिलशाहीला द्यावा लागला. कारण तिकडे पुण्यात शायिस्तेखान येऊन बसला होता आणि दोन शत्रूंशी एकदम लढणं परवडणारं नव्हतं. पन्हाळा परत स्वराज्यात आला तो 1673 साली, तेरा वर्षांनी. थांबणं, माघार घेणं, वाट बघणं हाही राजकारणाचा भाग असतो, हे मुलाला इथे कळतं. गोष्ट खिंडीपाशीच संपवली तर हे कधीच कळत नाही.

सनावळीसाठी एक सोपा उपाय आहे. भिंतीला सुतळी बांधा. एक वीत म्हणजे दहा वर्षं असं धरा. 1630 सालचा शिवजन्म, 1674 सालचा राज्याभिषेक, 1680 सालचं महाराजांचं निधन अशा चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. महाराजांचं सारं आयुष्य पाच वितींत मावतं, हे बघून मुलं चकित होतात. 1960 सालच्या महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंत जायला तेहतीस विती लागतात. आणि सम्राट अशोक? त्याच्यासाठी शिवजन्माच्याही मागे 190 विती जावं लागेल, म्हणजे सुतळी अंगण ओलांडून गल्लीत जाईल. काळ म्हणजे काय, हे पाठ करून कळत नाही ते असं चालून कळतं. याच सुतळीवर घरातल्या चिठ्ठ्याही लावा. आजीला 1967 सालचा कोयनेचा भूकंप किंवा 1972 सालचा दुष्काळ आठवत असेल, तर एक बैठक तिच्याकडे द्या. तिलाही बरं वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, अशानं पुस्तक मागे पडेल. पडू द्या थोडं. परीक्षा जवळ असेल त्या वर्षी नेमलेला अभ्यास बघावाच लागेल, पण लहान वयात निवड करायची मोकळीक आपल्याला आहे. काही लढाया नुसत्या नावापुरत्या आल्या तरी चालतील. त्यातून जो वेळ वाचेल तो पुस्तकात दोन ओळींत उरकलेल्या माणसांना द्या. राजाराम महाराज 1700 साली गेल्यावर औरंगजेबाच्या मरणापर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, ताराबाईंनी झुंज चालू ठेवली. त्या सात वर्षांना एक आखखा आठवडा द्यायला काय हरकत आहे? महिन्याचा शेवटचा आठवडा मात्र नवं काहीच घेऊ नका. त्या आठवड्यात मुलानं सांगायचं आणि आपण ऐकायचं. जिथे तो अडखळेल, तो घास मोठा झाला असं समजावं.

ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनाही संध्याकाळच्या अभ्यासात हे करता येईल. आणि हा खटाटोप नुसत्या मार्कांसाठी नाही. आज मोबाईलवर इतिहासाच्या नावाखाली काय काय फिरतं ते आपण बघतोच. चार ओळी वाचून माणसं एकमेकांवर धावून जातात. "याच्या आधी काय झालं होतं? नंतर काय झालं?" असं विचारायची सवय ज्याला लहानपणी लागली, तो सहजासहजी कुणाच्या चिथावणीला बळी पडणार नाही. ही सवय लावायला मोठ्या पदव्या लागत नाहीत. ती आपल्या स्वयंपाकघरातही लागू शकते, आपल्याला थोडा धीर मात्र हवा.

या आठवड्यात तुमच्या मुलाच्या पुस्तकातला एकच प्रसंग निवडा, त्याचे चार भाग करा आणि चौथ्या दिवशी ‘मग पुढे?’ हा प्रश्न त्यालाच विचारू द्या.