काचेवर काच कशाला?



मागच्या महिन्यात नातवाच्या अभ्यासासाठी आणि माझ्या वाचनासाठी टॅबलेट घेतला. दुकानदाराने खोका फोडला आणि मला न विचारताच वर चिकटवायची काच काढली. "ताई, नाइन एच आहे, हातोडा मारला तरी काही होणार नाही. फक्त सहाशे." शेजारच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "थांबा, आधी मला विचार करू द्या." त्याला राग आला असेल. येऊ दे!

मंचरच्या बाजारात आपण मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो, आणि सहाशे रुपयांच्या काचेला डोळे मिटून हो म्हणतो?

आधी ते 'नाइन एच' बघू. आपल्याला वाटतं, नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. खनिजांचा कठीणपणा सांगणारी मोहस यांची पट्टी १८१२ सालची. तिच्यात हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज ८, गारगोटी ७. पण खोक्यावरचं नाइन एच या पट्टीवरचं नाहीच. ते पेन्सिलीचं माप आहे. एचबी, टू एच अशा पेन्सिली असतात ना, त्यांतल्या नाइन एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टॅबलेटवर पेन्सिल घासतं कोण?

मोहसच्या पट्टीवर काच साधारण सहाच्या आसपास येते. टॅबलेटची मूळ काचही तिथलीच आणि वर चिकटवलेलीही तिथलीच. दोन्हींवर ओरखडा काढते ती गारगोटी, म्हणजे उन्हाळ्यात आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत उडणाऱ्या धुळीतले असे कठीण कण.

आता पडण्याचं. टॅबलेट जड असतो, हातातून सुटला की बरेचदा कोपऱ्यावर आपटतो. तिथे वरची काच काय करणार? तिथे रबरी कडेचं कव्हर लागतं, कड पडद्यापेक्षा जराशी वर आलेलं.

कोणी म्हणेल, "पण सहाशे रुपयांत मनाला निर्धास्तपणा मिळतो." मी बी.कॉम. आहे, विम्याच्या हप्त्याला माझा विरोध नाही. पण हप्ता भरण्याआधी पॉलिसीत काय बसतं ते वाचावं. ही पॉलिसी मुख्यतः ओरखड्याची आहे, पडण्याची फारशी नाही. शिवाय ती काच कडेने तडकली की हप्ता पुन्हा भरा, आणि जुनी काच कचऱ्यात!

टॅबलेट अंगणात, मळ्यात जात असेल, किंवा घरात सगळं आपटणारं लहान मूल असेल, तर काच जरूर लावा. ओरखडे तिच्यावर पडतील, मूळ काच वाचेल. पण कव्हर आधी, काच नंतर. जो टॅबलेट दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंतच फिरतो, त्याला दुसरी काच कशाला?

खरं सांगू, माझा राग काचेवर नाही, झाकून ठेवण्याच्या सवयीवर आहे. रिमोटला पिशवी, सोफ्याला प्लास्टिक, चांगली भांडी माळ्यावर. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या कपाटात घडी न मोडलेल्या सात साड्या निघाल्या. "चांगल्या दिवशी नेसेन" म्हणायच्या. तो दिवस आलाच नाही. त्या साड्या वाटताना माझे हात थरथरत होते.

जपणं म्हणजे झाकणं नव्हे. जपणं म्हणजे जयणा. पडदा पदराने खसाखसा पुसू नका, कण घासले जातात. पूंजणीने पुंजतो तशा हलक्या हाताने आधी धूळ काढा, मग मऊ, किंचित ओलसर कापड फिरवा. ओट्याच्या कडेला टॅबलेट ठेवू नका. याला पैसे पडत नाहीत.

मी कव्हर घेतलं, काच घेतली नाही. पंधरा दिवसांत नातवाने एक बारीक ओरखडा काढलाच. अक्षरं मात्र अगदी स्वच्छ दिसतात, आणि मी रोज वाचते.

तुम्हीही घरातल्या एका तरी वस्तूची घडी आज मोडा.